मायक्रोवेव्हमध्ये कालवण किती वेळ ठेवायचं? वेळ सोडा, तापमान बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तारकर्लीला घरगुती निवास चालवता. पाहुण्यांची गाडी लेट होते, माणसं रात्री दहाला टेकतात, आणि संध्याकाळी करून ठेवलेलं माशाचं कालवण फ्रीजमधून काढून मायक्रोवेव्हमध्ये गरम करावं लागतं. तीन मिनिटं लावली की कधी कडेनं रटरटतं आणि मध्ये गार राहतं. कधी त्याच तीन मिनिटांत वाटप फुटून वर तेल येतं. अन्नाचं तापमान बघून ओव्हन आपोआप बंद करणारं काही जोडता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

असं उपकरण असतं, पण मी तुम्हाला ते घ्यायला सांगणार नाही. तीन-चारशे रुपयांचा सुईचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि माझ्या पद्धतीनं पहिलं मिनिट मोजा. तेवढ्यावर तुमचं काम होतं. का होतं, ते जरा लांबण लावून सांगतो. माझी २६ वर्षं लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. रिअ‍ॅक्टरचं तापमान आणि वाफेचे व्हॉल्व्ह, हेच काम. आता गुहागरला बायको आणि मी चार खोल्या चालवतो. जित्याची खोड म्हणतात तशी माझी सुई खुपसायची सवय गेलेली नाही, आणि घरात त्यावरून बोलणीही खातो.

तुमच्या ओव्हनला अन्न किती तापलं हे कळतच नाही. त्याला फक्त वेळ कळते. हे यंत्र स्वयंपाकघरात जन्मलेलं नाही, ते रडारच्या कारखान्यातून आलं. १९४५ च्या सुमाराला अमेरिकेत पर्सी स्पेन्सर हा इंजिनिअर मॅग्नेट्रॉनजवळ (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी नळी) उभा असताना त्याच्या खिशातला गोड वडीचा तुकडा वितळला, तिथून हा प्रकार सुरू झाला. चुलीसमोर बसलेली बाई रटरटण्याचा आवाज ऐकते, वास घेते, उकळी बघते. ओव्हनच्या दारामागे यातलं काहीच नीट कळत नाही.

आता तीच तीन मिनिटं रोज वेगळी का निघतात? तुमच्या कालवणात दोष नाही, बहुतेक विजेत आहे. मी माझ्याकडे मोजून बघितलं, तुम्हीही बघा. एक लिटर पाणी जाड नसलेल्या काचेच्या किंवा ओव्हनला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्या. ढवळून तापमान बघा. पूर्ण पॉवरवर बरोबर दोन मिनिटं ठेवा, बाहेर काढून लगेच ढवळा, परत तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ ने गुणा, की पाण्यात खरोखर किती वॉट गेले ते येतं. यात जादू नाही. एक लिटर पाणी एक अंश तापवायला साधारण ४२०० ज्यूल लागतात, त्याला १२० सेकंदांनी भागलं की ३५ येतात. माझ्याकडे सकाळी दहाला पाणी २७ वरून ४७ वर गेलं, म्हणजे २० अंश, ७०० वॉट. मे महिन्यात संध्याकाळी साडेसातला, वाडीतले सगळे पंप, पंखे, एसी चालू असताना, मल्टीमीटर १८५ व्होल्ट दाखवत होता. त्या वेळी पाणी २८ वरून जेमतेम ४१ वर गेलं. १३ अंश, म्हणजे साडेचारशे वॉट. ओव्हन तोच आणि बटणंही तीच, पण तिसरा हिस्सा ताकद गायब. पाककृतीत लिहिलेली ‘तीन मिनिटं’ कोणाच्या व्होल्टेजची, हे कोणी लिहीत नाही.

मग थर्मामीटर आतच ठेवून ओव्हन चालू केला तर? साधा थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) किंवा सुईचा थर्मामीटर ओव्हन चालू असताना आत ठेवायचा नाही, अजिबात नाही. त्याची वायर अँटेनासारखी वागते. ती लहरी पकडते, टोकाला ठिणग्या पडतात, आकडा वेडावाकडा येतो, आणि वायर दारातून बाहेर काढली असेल तर लहरीही तिच्याबरोबर बाहेर येतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत काही ओव्हन तापमानाच्या सुईसकट मिळायचे. त्या सुईच्या वायरवर धातूची जाळी असे आणि ती ओव्हनच्या भिंतीला खास सॉकेटमध्ये पक्की जोडलेली असे, म्हणून चालायचं. सुईत थर्मिस्टर (तापमानाबरोबर विजेचा रोध बदलणारा छोटा सेन्सर), सुई मांसाच्या तुकड्यात पूर्ण खुपसलेली, आणि ठरवलेला आकडा आला की ओव्हन बंद. कल्पना उत्तम होती. पण ती एका जाड तुकड्यासाठी होती, आपल्या पातळ कालवणात सुई उभी कुठे करणार? प्रयोगशाळेत काचेच्या तंतूचे सेन्सर वापरतात, त्यात धातूच नसतो, त्यामुळे ते लहरींना दिसत नाहीत. त्यांची किंमत ऐकलीत तर तुम्ही नवा फ्रीज घ्याल.

ओव्हनमध्ये ‘सेन्सर रीहीट’ असं बटण असेल तर तेही समजून घ्या. बहुतेक वेळा ते तापमान बघत नाही, वाफ हुंगते. झाकलेल्या अन्नातून वाफेचा पहिला झोत निघाला की आतला ओलाव्याचा सेन्सर तो पकडतो आणि उरलेला वेळ ठरवतो. म्हणून ते बटण दाबण्याआधी आतल्या भिंती आणि फिरती काच कोरडी पुसायची आणि मध्येच दार उघडायचं नाही. भाताला हे छान चालतं. कालवणाला नाही, कारण कडेनं वाफ निघते तेव्हा मधलं अजून पन्नासावरही नसतं. काही महागड्या ओव्हनमध्ये वरून बघणारा इन्फ्रारेड सेन्सर असतो. तो वरचा थर बघतो, आतलं नाही, आणि झाकण ठेवलंत तर झाकण बघतो.

बाहेरून वीज तोडणारा रिले लावायचा विचार एकानं मला बोलून दाखवला होता. नको. डिजिटल पॅनेलचा ओव्हन वीज गेली की सगळं विसरतो आणि परत आली तरी सुरू होत नाही. शिवाय मेन्स तुटली की मॅग्नेट्रॉन गार करणारा पंखाही त्याच क्षणी थांबतो. आणि ओव्हन उघडून आत काही करायचं तर मुळीच नाही. आत २००० व्होल्टच्या वरचा मामला असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून राहू शकतो. मी स्वतः आयुष्यभर पॅनेल उघडलीत, तरी ओव्हनचं मागचं झाकण उघडायला मी मेकॅनिककडेच जातो.

तेव्हा कंट्रोलर तुम्हीच. आता पद्धत.

अर्धा किलो कालवण, फ्रीजमधून काढलेलं, समजा ८ अंशांवर आहे. पूर्ण पॉवरवर एक मिनिट. बाहेर काढा, तळापासून नीट ढवळा, सुई मध्यभागी धरा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सकाळच्या व्होल्टेजवर माझ्याकडे ८ चे २८ होतात. म्हणजे आज मिनिटाला २० अंश. मला ७० पर्यंत जायचंय, उरले ४२, म्हणजे आणखी दोन मिनिटं आणि वर थोडी सेकंदं. संध्याकाळी तेच ८ चे २१ होतात, मिनिटाला १३. उरले ४९, म्हणजे पावणेचार मिनिटं. या पहिल्या मिनिटात व्होल्टेज, भांडं, कालवणाचं वजन, त्यातलं पाणी सगळं आपोआप मोजून होतं. तुम्हाला त्यातलं काहीच वेगळं माहीत असायची गरज नाही. वर जाताना वेग थोडा मंदावतो, कारण उष्णता वाफेतून निघून जाते. म्हणजे हिशेब चुकला तरी कमी तापण्याकडे चुकेल, आणि ते अर्ध्या मिनिटात भरून काढता येतं. फुटलेलं वाटप परत जुळवता येत नाही.

७० ला थांबायचं आणि झाकण ठेवून तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं. कारखान्यात नवीन पोरगा आला की पहिल्या पाळीत तो हमखास एक चूक करायचा. रिअ‍ॅक्टर ८० वर न्यायचा असेल तर ८० दिसेपर्यंत वाफ चालू ठेवायचा, आणि मग काटा ८६ वर जाताना बघत बसायचा. रिअ‍ॅक्टरभोवतीच्या वाफेच्या जाकिटातली उष्णता कुठे जाणार? ओव्हनमध्येही तेच. लहरी ओल्या अन्नात दीड-दोन सेंटीमीटरच नीट शिरतात, मीठ जास्त असेल तर त्याहूनही कमी. ‘मायक्रोवेव्ह आतून शिजवतो’ हे मी लग्नाच्या पंगतीत कितीदा ऐकलंय! तो बाहेरचाच एक जाड थर तापवतो, आणि पुढची उष्णता सावकाश आत झिरपते. तीन मिनिटांत कडेचा आकडा उतरतो आणि मधला चढतो. त्यानंतर जो आकडा सर्वांत गार जागी मिळेल तोच खरा धरायचा. शिळं अन्न परत गरम करताना तो ७५ असायला हवा. नसेल तर आणखी अर्धं मिनिट.

नारळाचं वाटप असेल तर पहिल्या मिनिटानंतर निम्म्या पॉवरवर जा आणि वेळ दुप्पट करा. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमध्ये ‘५० टक्के’ म्हणजे मॅग्नेट्रॉन अर्ध्या ताकदीनं चालत नाही. तो काही सेकंद पूर्ण ताकदीनं चालतो आणि तेवढेच सेकंद गप्प बसतो. कान देऊन ऐका, घुर्रर्र आवाज बदलतो, संध्याकाळी तर स्वयंपाकघरातला दिवाही त्याबरोबर किंचित मंद होतो. त्या गप्प सेकंदांत कडेची उष्णता आत सरकते आणि कड शंभराला पोचत नाही. वाटप फुटतं ते कडेच्या उकळीनं, मधल्या सत्तरानं नाही. इन्व्हर्टरवाल्या ओव्हनमध्ये ताकद खरोखरच कमी-जास्त होते, त्याला हा आवाज नाही.

आणि वाडगा फिरत्या काचेच्या बरोबर मध्ये ठेवू नका. तो बाजूला सरकवा. आतल्या लहरी ठरावीक जागी जास्त आणि ठरावीक जागी कमी लागतात, आणि या जागांमध्ये साधारण सहा सेंटीमीटरचं अंतर असतं. बघायचं असेल तर फिरती काच काढून घ्या, एका सपाट काचेच्या ताटलीवर उडदाचे पापड पसरा आणि अर्ध्या मिनिटासाठी लावा. कुठे फुललेले ठिपके, कुठे कच्चे पट्टे. काच फिरते ती हे वाटून देण्यासाठी, पण काचेचा मधला बिंदू जागच्या जागी फिरत राहतो. त्याच्या नशिबी जे आलं तेच.

सुई विकत घेतलीत की आधी तिची परीक्षा घ्या. ठेचलेला बर्फ पेल्यात भरून त्यात थोडं पाणी घाला, ढवळा, सुईनं शून्य दाखवायला हवं. मग खळखळ उकळत्या पाण्यात धरा, तळाला न टेकवता. आपण समुद्राच्या पातळीला राहतो, त्यामुळे आपल्याकडे पाणी खरंच १०० ला उकळतं. महाबळेश्वरला हीच परीक्षा घेतलीत तर ९५-९६ दाखवेल आणि तुम्ही बिचाऱ्या सुईला दोष द्याल. एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे चालतो. पाच अंशांचा फरक असेल तर दुकानदाराला परत द्या.

पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर मात्र घेऊ नका. मी घेतला होता, आणि त्यानंच मला एकदा गोत्यात आणलं. गणपतीनंतरच्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे होते, बरोबर सहा-सात वर्षांचा मुलगा. सकाळचे उकडीचे मोदक दुपारी गरम करून हवे होते. दोन मोदक ओव्हनमध्ये चाळीस सेकंद ठेवले, पिस्तुल रोखलं, ५२ अंश. मी म्हटलं, झकास, आणि वाढले. त्या पोरानं घास घेतला आणि किंचाळला. सारण जिभेला चिकटलं होतं. दुसऱ्या मोदकात सुई घातली तर वरची पारी ५० च्या आसपास आणि सारण ८८. गुळाच्या सारणात पाणी कमी असतं, ते भराभर तापतं आणि उष्णता धरून बसतं. वरची उकड वाफ सोडून गार होत राहते, आणि पिस्तुलाला फक्त उकड दिसते. साजूक तूप लावलं, दूध दिलं, आईवडिलांची माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे मोदक मोदकपात्रातच परत वाफवतात. ओव्हनमध्ये घालायचेच असतील तर ओलं फडकं, सगळ्यात कमी पॉवर, वीस सेकंद, मग दोन मिनिटं थांबणं, आणि सुई सारणात.

आता तुमच्या बांगड्याचं. खरं सांगू? बांगडा मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करूच नका. मासा ६३ अंशांना शिजलेला असतो. शिळा म्हणून त्याला परत ७५ वर न्यायचं म्हणजे तो दोनदा शिजणार, आणि ढवळलात की काटे आणि चोथा वेगळा होणार. तिरफळं घातलेलं तिखलं नुसतं करून फ्रीजमध्ये ठेवा, मासे साफ करून वेगळे बर्फात. पाहुणे अंगणात आले की ओव्हनमध्ये नुसता रस तापवा (वरची पद्धत, आणि यात ढवळायला काही अडचण नाही), पातेल्यात ओता, उकळी आली की बांगडे सोडा. पाहुणे हातपाय धुऊन बसेपर्यंत ताजा मासा तयार. सुई घालायचीच तर पाठीच्या काट्याजवळ, सगळ्यात जाड मांसात.

इथे एक गोष्ट सुईच्या आवाक्याबाहेरची आहे, तीही लक्षात असू द्या. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात किंवा ओट्यावर काही तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा ७५ वर नेऊन जात नाही. चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं, आणि पाहुणे म्हणतात ‘मसाला बाधला’. तिथे बर्फ हाच उपाय, बंदरापासून तुमच्या सुरीपर्यंत. भाताचं वेगळं. त्यातले काही जिवाणू बीजरूपानं शिजण्यातूनही वाचतात आणि कोमट भातात वाढतात. उरलेला भात पसरट ताटात लवकर गार करून फ्रीजमध्ये टाका, रात्रभर पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवू नका.

गोठलेलं कालवण असेल तर आदल्या रात्रीच खाली फ्रीजमध्ये उतरवा. पाणी या लहरी जितक्या शोषतं त्याच्या हजारो पटींनी कमी बर्फ शोषतो. एखादा कोपरा आधी वितळला की सगळी ताकद तोच खातो. कोपरा उकळतो, बाजूला दगडासारखा बर्फ तसाच. तिथे माझ्या पहिल्या मिनिटाचा हिशेबही चालत नाही, कारण वितळताना तापमान चढतच नाही. सोलकढीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एका पाहुण्यानं ती गरम करून मागितली होती म्हणून सांगतो: नाही म्हणा.

राहिला ओव्हन. खाऱ्या हवेत त्याचं आयुष्य कमी, पण निगा ठेवलीत तर बरंच टिकतं. आत उजव्या भिंतीवर बहुधा एक करड्या रंगाचा अभ्रकाचा पत्रा असतो, त्यामागून लहरी येतात. त्यावर कालवणाचं तेल उडून जळलं की काळा डाग पडतो आणि तिथूनच ठिणग्या सुरू होतात. ‘आत वीज चमकते’ म्हणून माझ्याकडे आलेल्या दोन-तीन ओव्हनमध्ये हेच होतं. पत्रा स्वस्तात मिळतो, मापानं कापून बसवता येतो. आतला रंग उडून गंज दिसत असेल तर मात्र ओव्हन आधी मेकॅनिकला दाखवा. थर्मामीटरची बॅटरी पावसाळ्यात काढून ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये उघडाल तेव्हा पट्ट्यांवर हिरवं साचलेलं असेल.

एक लिटर पाण्याची परीक्षा सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमाराला एकदा करा, आणि चारही आकडे इथे लिहा. रात्री वाढलेले अंश दहाच्या खाली आले तर आपण ओव्हनबद्दल नाही, तुमच्या घरातल्या वायरिंगबद्दल बोलू.